निर्वासितांचे नागरिकत्व आणि आपला शेजारधर्म



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कुळांचा इतिहास, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावळी आणि दिवंगतांस श्रद्धांजली या गोष्टी असतातच. यंदा संपादक मंडळाने आम्हांस वेगळ्याच विषयावर लिहिण्याचा आग्रह केला. परदेशातून जीव घेऊन आलेल्या माणसाने या देशाचा नागरिक कसे व्हावे, त्यास कायद्याचे साह्य कोणी करावे, आणि त्यात आपल्यासारख्या जातिसंस्थेचा संबंध काय, हा तो विषय होय. प्रथमदर्शनी तो आपला वाटत नाही. आम्हांसही वाटला नव्हता. परंतु इतिहासाची पाने उलटू लागलो तेव्हा आरंभ आपल्याच घरापासून करावा लागला.

आपण पवार मूळचे धारानगरीचे, माळव्यातून सातपुडा ओलांडून बैतूल-छिंदवाड्यात व तेथून वर्धा नदीच्या खोऱ्यात उतरलो, ही परंपरा आपल्या वडीलधाऱ्यांनी जपली आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांत आपली गावे वसली ती अशीच. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात या परंपरेची नोंद आहे. पण तिच्याबरोबर एक बोचरी कथाही दिली आहे. औरंगजेबाच्या वेढ्यात तट राखणारे आपले पूर्वज सूर्योदयाच्या सुमारास जागा सोडून निघाले, उगवते ऊन त्यांच्या तोंडावर पडले, म्हणून 'भोर' या शब्दावरून त्यांस भोयर हे नाव पडले, अशी ती व्युत्पत्ती. ही कथा वाचून आपल्या समाजातील अनेकांस संताप आला आणि तो स्वाभाविक होता. आम्हांसही ती व्युत्पत्ती पटत नाही. तथापि पहाटेच्या अंधारात मुलेबाळे घेऊन घर सोडणाऱ्या माणसास भित्रा म्हणावे की नाही, हा प्रश्न आता आम्ही थोड्या निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहोत. १९४७-४८ मध्ये सिंधमधून निघालेल्या लोकांसही कोणी भित्रे म्हणू शकेल. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता ते मात्र सांगता येणार नाही.

आपले पूर्वज या खोऱ्यात आले तेव्हा त्यांच्याजवळ दाखला म्हणून काय होते? भाटाची पोथी. कुळ, मूळ गाव, कोणाचा कोण, हे त्या पोथीत लिहिलेले असे, आणि भाट येऊन ते वाचून दाखवी. जमीन कसावी, सारा भरावा, पंगतीत बसावे. एवढ्याने माणूस गावचा होई. खुद्द आर्वी गावाची ओळख तरी निराळी आहे काय? ज्या तेलंगराव वलीच्या नावाने हे गाव ओळखले जाई, त्यास हिंदू ब्राह्मण म्हणत आणि मुसलमान आपला म्हणत. समाधीस मात्र दोघेही नमस्कार करीत. त्या काळी आपण कोठले, हे कोणत्याही सरकारी कागदावर सिद्ध करावे लागत नव्हते.

ती स्थिती १९४७ साली पालटली. १५ ऑगस्टपूर्वी कराचीचा व्यापारी आणि आर्वीचा कापसाचा अडत्या हे दोघेही कायद्याने एकाच सत्तेचे प्रजाजन होते. फाळणीनंतर कोण कोठला, हे ठरविणे भाग पडले. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि तोपर्यंत तेथेच राहण्याचा विचार करणाऱ्या असंख्य सिंधी हिंदूंनी देश सोडला. मुंबई बंदरात उतरलेल्या या लोकांचा मोठा भाग कल्याणच्या छावणीत गेला. तेथेच ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. उरलेले देशभर विखुरले. तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात कटनी, चकरभाठा येथे छावण्या होत्या. नागपुरात जरीपटका वसला. आणि तेथून ही कुटुंबे आमच्या भागातील बाजारपेठांत कापड, किराणा, मनिहारी असे उद्योग घेऊन पोहोचली.

वर्धा जिल्ह्याने त्या दिवसांत केवळ निर्वासितांस जागा दिली असे नव्हे. मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला बापूंच्या निधनानंतर रचनात्मक कार्यकर्त्यांची परिषद भरली. पंडित नेहरू तीस उपस्थित होते. त्यानंतर पवनारचे विनोबा दिल्लीकडे गेले आणि त्यांनी निर्वासितांत व पुढे मेवातच्या उखडल्या गेलेल्या मेव मुसलमानांत काम केले. भूदानाचे विनोबा सर्वांस ठाऊक आहेत. हे विनोबा फारसे कोणास ठाऊक नाहीत.

आता कायद्याकडे वळू. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण वाचकांनी तो वगळू नये, कारण सारा प्रश्न एका तारखेवर फिरतो. ती तारीख म्हणजे १९ जुलै १९४८. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांस परवाना आवश्यक करणारा हुकूम त्या दिवसापासून लागू झाला. घटनेच्या सहाव्या कलमाने ही रेषा कायम केली. स्वतः, आईवडिलांपैकी कोणी अथवा आजी-आजोबांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेला असावा, ही अट सर्वांनाच होती. त्यापुढे जो १९ जुलै १९४८ पूर्वी आला व येथेच राहिला, तो आपोआप नागरिक झाला. जो त्यानंतर आला, त्याने सहा महिने येथे राहून, नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करून, घटना अमलात येण्यापूर्वी नाव नोंदविले पाहिजे, असे ठरले. घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. म्हणजे १९४९ च्या जुलैनंतर जो सीमा ओलांडून आला, त्यास सहा महिने पुरे करण्यास वेळच उरला नाही. त्याला संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागली आणि तो कायदा ३० डिसेंबर १९५५ रोजी झाला.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध सिंधी गृहस्थ होते. त्यांचे वडील १९४८ च्या दिवाळीच्या सुमारास आले. म्हणजे रेषेच्या पलीकडे साडेतीन महिने. त्यांनी नोंदणीचा कागद मिळविला आणि तो दुकानाच्या खातेवहीत घडी घालून ठेवला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीबरोबर त्या कागदासही हळदकुंकू लागे. आम्ही लहानपणी ते पाहून हसलो होतो.

कलमे लिहिणे सोपे नव्हते. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत या प्रश्नावर तीन दिवस वाद झाला. या कलमाने मसुदा समितीस फार डोकेदुखी दिली, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः सांगितले. विदर्भाच्या वाचकांस विशेष आठवण करून द्यावीशी वाटते ती अशी की, या वादात मोठा आवाज आपल्या डॉ. पंजाबराव देशमुखांचा होता. नागरिकत्व फार स्वस्त होत आहे, असा त्यांचा आक्षेप होता. आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला हिंदू वा शीख, तो कोठेही असो, भारताचा नागरिक होण्यास पात्र असावा, अशी त्यांची दुरुस्ती होती. समितीने ती स्वीकारली नाही. नेहरूंनी मसुद्याची बाजू मांडली, आणि नागरिकत्वाचा पाया अधिवास, जन्म व स्थलांतर यांवर राहिला, धर्मावर नाही. भाऊसाहेबांविषयी आपल्या समाजात अपार आदर आहे. शेतकऱ्यांच्या मुलांस त्यांनी शाळा दिल्या. तरीही या एका मुद्द्यावर समितीचा निर्णय शहाणपणाचा होता, असे आमचे मत आहे. वाचकांचे निराळे असू शकेल.

त्याच सुमारास घडलेली दुसरी एक गोष्ट आम्हांस या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. घटना पुरी होण्यापूर्वीच पहिल्या निवडणुकीच्या मतदारयाद्या तयार होऊ लागल्या. नाव येण्यास ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात १८० दिवस त्याच गावी राहिलेले असावे, अशी अट होती. निर्वासित तेवढे दिवस एका ठिकाणी कोठून राहणार? तेव्हा निर्वासितांच्या संघांनी, छोट्यामोठ्या संस्थांनी घटना समितीच्या कार्यालयाकडे पत्रे लिहिण्यास आरंभ केला. कोणी तक्रार केली, कोणी कायदा विचारला, कोणी उपाय सुचविला. कार्यालयाने ती पत्रे फाईलीत टाकून दिली नाहीत. येथे कायम राहण्याचा आपला इरादा आहे, असे निर्वासिताने नुसते लिहून दिले तरी त्याचे नाव यादीत घ्यावे, असा आदेश १९४८ सालीच निघाला. लक्षात घ्या, ही पत्रे लिहिणारे नामांकित बॅरिस्टर नव्हते. आपल्यासारख्याच संघांचे चिटणीस होते.

परमुलखात गेलेल्या माणसास कायद्याचा आधार किती मोलाचा असतो, हे सेवाग्रामच्या बापूंनी वकील म्हणूनच प्रथम ओळखले. १८९३ साली ते एका व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. पुढे बालसुंदरम् नावाचा गिरमिटिया मजूर, मालकाने मारलेला, फाटक्या कपड्यांत त्यांच्या दाराशी आला. बापूंनी त्यास आधी डॉक्टरकडे नेले, मग न्यायाधीशाकडे. आणि अखेर कायद्यानेच दुसऱ्या मालकाकडे बदलून दिले. नाताळमध्ये आपले लोक परके होते, हे आपण लक्षात ठेवतो. आपल्या गावी परके कोण आहेत, तेही ठेवावे.

१९५५ च्या कायद्यानंतर प्रश्न मिटला असता तर हा लेख येथेच संपला असता. तो मिटला नाही, कारण पाकिस्तानातून लोक येतच राहिले, आणि कायद्याची दारे मात्र हळूहळू अरुंद होत गेली. मूळ कायद्यात भारतीय वंशाच्या माणसास सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नोंदणी मागता येत असे. १९८६ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षे झाली व २००३ च्या दुरुस्तीने सात. त्यातही एक खोच आहे. आजच्या व्याख्येप्रमाणे स्वतः किंवा आईवडिलांपैकी एक अविभाजित भारतात जन्मलेला असावा लागतो. आजोबांचा जन्म मोजला जात नाही. सिंधमध्ये १९५५ साली जन्मलेल्या बापाचा मुलगा आज येथे आला, तर तो या व्याख्येत बसतच नाही. त्याचे आजोबा शिकारपूरचे आणि पणजोबाही शिकारपूरचे असले तरी नाही. त्यास देशीयकरणाचा, म्हणजे एकूण बारा वर्षांच्या वास्तव्याचा मार्ग धरावा लागतो. देशीयकरणास आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा येणे आवश्यक आहे. १९६७ पासून सिंधी त्या अनुसूचीत आहे, आणि आमच्या बाजारातील सिंधी बांधवांची वऱ्हाडी बोली ऐकाल तर मराठीच्या परीक्षेतही ते आपल्या मुलांपेक्षा बरे ठरतील!

मुलांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला प्रत्येक जण, थोडे अपवाद सोडता, जन्मानेच नागरिक आहे. त्यानंतर जन्मलेल्यास आईबापांपैकी एक नागरिक असावा लागतो; आणि ३ डिसेंबर २००४ पासून तेवढ्यानेही भागत नाही, दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. पहिल्या नियमाचा लाभ तिबेटी निर्वासितांच्या मुलांस मिळावयास हवा होता. तो मिळण्यास न्यायालयात जावे लागले. नामग्याल डोलकर यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये त्यांचे नागरिकत्व जन्मानेच सिद्ध असल्याचा निर्णय दिला. आपल्या विदर्भातही, आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, १९७२ पासून नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. कायदा पुस्तकात होताच. तो कोणीतरी उघडून दाखवावा लागला.

गडचिरोलीकडील बंगाली बांधवांची कथा याहून निराळी. १९६० नंतरच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांस तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, चामोर्शी-मुलचेरा भागात, जमिनी देऊन वसविण्यात आले. त्यांतील पुष्कळ नमःशूद्र आहेत. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. म्हणजे देश मिळाला, जमीन मिळाली, पण मुलाच्या शाळेत लागणारा जातीचा दाखला मिळेना. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत किती चपला झिजतात, हे आपल्या समाजास कोणी नव्याने सांगावयास नको.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने अफगाणिस्तान, पाकिस्तान व बांगलादेश येथील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती अर्जदारांस नागरिकत्व देण्याचे अधिकार सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविले. महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे त्यांत होते. वर्धा नव्हता. त्यामुळे नागपुरात राहणाऱ्या एका भावाचा अर्ज नागपुरातच निकालात निघे आणि आर्वीत राहणाऱ्या दुसऱ्या भावाचा अर्ज वर्ध्याहून मुंबईस व मुंबईहून दिल्लीस प्रवास करी. अशा अर्जदारांसमवेत आम्ही स्वतः दोनदा एका कचेरीत गेलो आहोत. नावाच्या एका अक्षराचा फरक, उर्दूतील जन्मदाखल्याचे प्रमाणित भाषांतर, मुदत संपलेला पासपोर्ट. प्रत्येक वेळी कागद परत. कारकुनास दोष देत नाही. नियमात जे लिहिले तेच तो पाहतो. परंतु त्या रांगेत उभ्या असलेल्या बाईस एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र म्हणजे काय, हे समजावणारे कोणीही तेथे नव्हते.

पुढे डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती अधिनियम झाला व त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. वर सांगितलेल्याच तीन देशांतून आणि त्याच सहा धर्मसमुदायांतून जे ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आले, त्यांस देशीयकरणासाठी अकराऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य पुरेसे झाले. मुसलमानांस वगळल्याने या कायद्यास देशभर विरोध झाला व त्याच्या घटनात्मकतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. १९४९ चा भाऊसाहेबांचा वाद सत्तर वर्षांनी पुन्हा उभा राहिला असे म्हणावे लागेल. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. सप्टेंबर २०२५ मधील आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आली, तेव्हा नागरिकत्वाची मुदतही वाढली असे अनेकांनी मानले. ती तारीख पासपोर्ट-व्हिसाविना प्रवेशाबद्दल कारवाईतून सूट देण्यापुरती आहे. नागरिकत्वासाठी २०१४ हीच रेषा राहिली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हाही असाच घोळ झाला. हिंदूंस आधी मिळालेले दीर्घमुदतीचे व्हिसा वैध राहतील, हा खुलासा होईपर्यंत कित्येक घरांत चूल पेटली नसेल.

आता या नियमांत आपल्या संघाचा संबंध येतो. अर्जदार सांगतो त्या धर्मसमुदायाचा तो आहे, असे स्थानिक नावाजलेल्या सामाजिक संस्थेचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे लागते. अर्ज जिल्हा समितीपुढे जातो आणि तिचा प्रमुख टपाल खात्याचा अधीक्षक असतो. म्हणजे उद्या आर्वीचे एखादे कुटुंब आपल्या अध्यक्षांकडे हे प्रमाणपत्र मागण्यास येऊ शकते. आपण ते द्यावे काय? आपल्यापैकी काहींचे म्हणणे असे की, ही आपल्या जातीची माणसे नव्हेत, उगाच सहीत अडकू नये. काहींचे उलट, की मागेल त्यास द्यावे. आम्हांस दोन्ही पटत नाहीत. ज्यास आपण ओळखतो, ज्याच्या लग्नास आपण गेलो व जो आपल्या मयतीस आला, त्याचे कुळ आपण भाटासारखे सांगू शकतो. ज्यास ओळखत नाही, त्याच्या कागदावर सही करणे म्हणजे खोटी पोथी लिहिणे होय, आणि अशा एका सहीने पुढील दहा खऱ्या अर्जांवर संशय येईल.

सही ही मात्र शेवटची पायरी. तत्पूर्वीचे काम वकिलाचे आहे. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम येऊन मोफत विधी साह्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांस मोफत वकील मिळण्याचा हक्क सांगितला आहे, आणि तेथे शब्द 'व्यक्ती' असा आहे, 'नागरिक' असा नाही. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या एकविसाव्या कलमाविषयी हेच सांगितले की, जीविताचे रक्षण नागरिकालाच नव्हे, प्रत्येक व्यक्तीला आहे. तेव्हा पाकिस्तानी पासपोर्ट असलेली विधवाही विधी सेवा समितीच्या दारात जाऊ शकते. तिला ते दार कोठे आहे हे सांगणारा शेजारी हवा.

यास्तव येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही एक साधा ठराव ठेवीत आहोत. आपल्या समाजात वकिली करणारे तरुण बंधू व भगिनी आता थोडे नाहीत. त्यांनी महिन्यातील एक रविवार संघाच्या कार्यालयात बसावे; सातबाराचे व जातीच्या दाखल्याचे आपले अर्ज पाहतात तसेच नागरिकत्वाचे अर्जही पाहावेत; शुल्क कोणाकडूनही घेऊ नये. प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी कार्यकारिणीच्या दोन सभासदांनी त्या घरी जाऊन यावे, किमान दोन शेजाऱ्यांस विचारावे व त्याची नोंद इतिवृत्तात करावी. अर्जदार कोणत्या धर्माचा, हे आपण कार्यालयात येऊ देण्यापूर्वी विचारू नये. २०१९ च्या कायद्यात जो बसत नाही, त्यास १९५५ च्या मूळ कायद्याचा मार्ग मोकळा असू शकतो, तो त्यास दाखवावा. ज्यांचा या ठरावास विरोध असेल त्यांनी सभेत अवश्य बोलावे. आणि ज्या घरी भाटाची जुनी पोथी वा तिची नक्कल जपलेली असेल, त्यांनी ती सभेच्या दिवशी सोबत आणावी; पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी आम्हांस ती पाहावयाची आहे.